कुंदाताईंची परात

फेब्रुवारीतला मंगळवार होता, सकाळचे दहा वाजले असतील. हॅनोव्हरच्या आमच्या कंपनीत मी एका बेश्प्रेशुंगमध्ये, म्हणजे मीटिंगमध्ये, बसलो होतो आणि टेबलावर ठेवलेल्या फोनवर हेल्मुटचं नाव उमटलं. हेल्मुट म्हणजे कुंदाताईंचे यजमान; ते कधी फोन करत नाहीत. नऊ वर्षांच्या ओळखीत त्यांनी मला फक्त निरोप पाठवले, तेही दोन-तीन शब्दांचे. 'रविवार चालेल.' 'बर्फ आहे, सावकाश.' त्यामुळे मी मीटिंग सोडून बाहेर कॉरिडॉरमध्ये आलो. त्यांनी माझं नाव घेतलं. मग म्हणाले, "अहो गेली."

ज्यांना ते घर माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कुंदाताई नवऱ्याला 'अहो' म्हणत. अकोल्याला त्यांची आई वडिलांना अशीच हाक मारायची, म्हणून याही मारायच्या. नवरा लोअर सॅक्सनीतला शेतकरी आहे, हा मुद्दा त्यांच्या दृष्टीनं गैरलागू होता. हेल्मुटना सुरुवातीला वाटलं, हे आपलं लाडाचं नाव असणार, आणि त्यांनी तेच नाव उलट बायकोला देऊन टाकलं. तीस वर्षं त्या घरात दोघंही एकमेकांना अहो म्हणत होते. ताईंनी ती चूक कधी सुधारली नाही. "एवढं मायेनं म्हणतात, कशाला शिकवू?" असं त्यांचं म्हणणं. तर त्या सकाळी हेल्मुट म्हणाले, अहो गेली, आणि मी, सेहेचाळीस वर्षांच्या शहाण्यासुरत्या माणसानं, विचारलं, "कुठे गेली?"

"नाही, श्रीपाद," ते म्हणाले. "आज सकाळी. खाद्याच्या शेडमध्ये. मी आत गेलो तेव्हा..." पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही आणि मीही करू दिलं नाही. मी परत आत जाऊन खुर्चीवर बसलो. कुठल्याशा झडपेच्या व्यासाबद्दल मी वीस मिनिटं बोललो आणि म्हणे अगदी बरोबर बोललो. शेजारच्या सहकारी बाईंनी 'बरं वाटत नाहीये का' असं विचारलं, तेव्हा कुठे मी थांबलो. माणूस हादरला की कोसळतो असा माझा समज होता. मी मात्र झडपेचा व्यास सांगत बसलो होतो.

कुंदाताई एकसष्ट वर्षांच्या होत्या. अकोल्याच्या, शिक्षणानं पशुवैद्य, जनावरांच्या खाद्यावर पुढचं शिक्षण घ्यायला म्हणून जर्मनीत आल्या आणि इथल्याच झाल्या. हॅनोव्हरजवळच्या एका खाद्य कारखान्यात त्यांनी पंचवीसेक वर्षं काढली आणि मग नोकरी सोडून हेल्मुटच्या शेतावर पूर्ण वेळ राहायला गेल्या. शेत म्हणजे हॅनोव्हरच्या उत्तरेला तासाभरावरची वाळवट जमीन, उंच जाळीचं कुंपण आणि आत डॅमविल्ड जातीची हरणं. पाठीवर पांढरे ठिपके, शेपटी सतत हलती, माणूस दिसला की पन्नास पावलं लांब. इथे ती मांसासाठी पाळतात, आपल्याकडे शेळ्या पाळाव्यात तशी. ताई स्वतः पक्क्या शाकाहारी. आमच्या मराठी मंडळात यावरून कुणी ना कुणी त्यांना टोकायचंच. "म्हशीचा डॉक्टर काय म्हैस खातो?" एवढं एक उत्तर त्यांनी सगळ्यांना वर्षानुवर्षं पुरवलं.

माझी त्यांची ओळख मंडळाच्या गणपतीतलीच. मी नुकताच हॅनोव्हरला आलो होतो. नव्या शर्टात कोपऱ्यात उभा होतो, तर रेशमी साडीखाली रबरी गमबूट घातलेल्या एक बाई समोर येऊन उभ्या राहिल्या. येताना वाटेत एका हरिणीचं बाळंतपण उरकून आल्या होत्या आणि गाडीत दुसरी पादत्राणं नव्हती. "तू काय करतं रे?" असं त्यांनी थेट विचारलं. खूश असल्या की त्यांच्या तोंडी वऱ्हाडी यायची. मी म्हटलं, दाणेदार माल इकडून तिकडे नेणारी यंत्रं आखतो; पीठ, सिमेंट, प्लास्टिकचे मणी, काहीही. त्या म्हणाल्या, "मग रविवारी ये." त्या रविवारपासून मी आणि माझी बायको मीनल त्या घरचेच झालो. मीनलच्या बाळंतपणात डिंकाचे लाडू त्या घरून आले, आणि माझे वडील गेल्याचं कळलं तेव्हा विमानतळावर सोडायलाही ताईच आल्या.

त्यांच्या डोक्यात जे चाललेलं असायचं ते त्या स्वयंपाकघरात, ताटातल्या पदार्थांवरून समजावून सांगत. त्या भागातल्या जनावरांना हिवाळ्यात भरपूर सोयापेंड घालतात, म्हणजे भरपूर प्रथिनं. "वरण ताटभर वाढलं म्हणून काय सगळं अंगी लागतं?" ताई म्हणायच्या. "लागेल तेवढं लागतं, बाकीचं मुतातून जमिनीत. आणि जमिनीतून आपल्याच विहिरीत." विहिरीच्या पाण्यातलं नायट्रेट वाढत चाललेलं, सरकारी नियम कडक होत चाललेले, आणि वाळवट जमिनीवरच्या लहान शेतकऱ्यांच्या मानेवर ते जोखड बसणार हे त्यांना दिसत होतं. त्यावर त्यांचा तोडगा असा : प्रथिन म्हणजे मण्यांची माळ. त्यातले एक-दोन रंगांचे मणी कमी पडले की माळ अडते. त्या दोन मण्यांसाठी आपण अख्ख्या माळा खायला घालतो. त्यापेक्षा पेंड कमी करा आणि नेमके ते दोन मणी, लायसिन आणि मेथिओनिन, वरून द्या. फक्त एक अडचण. हरणाच्या पहिल्या पोटात जंतूंची पंगत बसलेली असते, ती हे मणी तिथल्या तिथे फस्त करते. म्हणून मण्यांवर चरबीचं आवरण चढवायचं, की ते पंगतीच्या समोरून सहीसलामत पुढे जातात. गाईंसाठी हे लोकांनी करून पाहिलेलं होतं. "पण हरणाले विचारलंय कोणी?" हा ताईंचा प्रश्न होता, आणि तो त्यांनी मनावर घेतला होता.

आसपासचे पाच-सहा हरणवाले शेतकरी 'बघू' म्हणाले होते. तुमच्याकडे पाडसं नीट वाढली तर आम्हीही पेंड कमी करू. ताईंनी कुरणाचे दोन भाग केले. एकीकडे नेहमीचं खाद्य, दुसरीकडे कमी प्रथिनांचं, मणी घातलेलं. खाद्याकडे जाण्याच्या वाटेत जमिनीत वजनकाटा बसवला, म्हणजे बिचकणाऱ्या हरणांना न पकडताच वजन मिळेल. राहिला प्रश्न ते मणी खाद्यात एकसारखे मिसळण्याचा. हा तर माझ्या डाव्या हातचा मळ होता. मीच म्हटलं, ताई, मी बनवतो मशीन. चार महिन्यांचे शनिवार-रविवार घालून मी आणि हेल्मुटनी ते उभं केलं. नळी, नळीत फिरणारा लांब स्क्रू, वर माल ओतायचं चाडं, खाली तोंड. खरे मणी महाग आणि ताईंकडे थोडेच आलेले, म्हणून चाचणी कशावर घ्यावी असा विचार चालला होता. दिसायला ते अगदी साबुदाण्यासारखे. "मग साबुदाणाच घे," ताई म्हणाल्या. आशियाई दुकानातून पाच किलो साबुदाणा आणला, मशीनमधून काढला, एक दाणा फुटला नाही. हेल्मुटनी हातोडीनं नारळ फोडला आणि त्या रात्रीच्या जेवणाला उरलेल्या साबुदाण्याची खिचडी झाली.

तो हिवाळा वाईट गेला. कमी प्रथिनांच्या बाजूची पाडसं मागे पडली. काटा दर आठवड्याला तेच सांगत होता. शेजारचे हरणवाले कुंपणाशी येऊन उभे राहायचे, मान हलवायचे आणि सभ्यपणे हवेबद्दल बोलून निघून जायचे. त्यातल्या एकानं हेल्मुटना बाजूला घेऊन विचारलं की तुझी बायको जनावरांना उपाशी ठेवायला कुठे शिकली. ताई वजनं लिहायच्या, वही मिटायच्या. मी मोठ्या शहाणपणानं त्यांची समजूत काढली, "ताई, प्रयोग म्हटला की असं व्हायचंच. कदाचित हरणांना हे मानवत नसेल." आज ते वाक्य आठवलं की जीभ तोडून टाकावीशी वाटते.

पुढच्या सप्टेंबरमध्ये त्यांनी मला सांगितलं की या हिवाळ्यात त्या खाद्य हातानं कालवणार. मशीन नको. मी विचारलं, का? म्हणाल्या, आवाजाला हरणं बिचकतात. आता त्या मशीनचा आवाज मी स्वतः मोजलेला होता. त्यांच्या मिक्सरपेक्षा कमी. हे मी सांगितलं. तर म्हणाल्या, "व्यायाम होतो रे माझा. डॉक्टर म्हणतेच आहे, हलत जा." मी चिडलो. "हातानंच कालवायचं होतं तर मला चार महिने कशाला राबवलंत?" असं मी बोललोही. त्या नुसत्या हसल्या आणि माझ्या पानात आणखी एक पोळी वाढली. मी ती खाल्ली नाही. कुंदाताईंच्या घरी पान टाकून उठण्याचा तो माझा पहिला आणि शेवटचा प्रसंग.

मग मी जायचा कमी झालो. काम आहे, बर्फ आहे, मुलीची शाळा आहे, काही ना काही निघतच असे. मीनल दर रविवारी म्हणायची, "फोन तरी कर त्यांना. एवढं काय ते मशीन." तिला काय कळणार, असं मला वाटायचं. खरं तर तिलाच कळत होतं. शेवटी जानेवारीत तिनं तिळगुळाचा डबा हातात ठेवून मला गाडीत बसवलं, आणि म्हणून निदान एक शेवटची भेट झाली.

ताई शेडमध्ये होत्या. माझं मशीन कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभं, आणि मधोमध दोन पेट्यांवर ठेवलेली ती परात. पंगतीला कणीक मळायला असते तसली, दोन्ही हात पसरले तरच दोन्ही काठ हाताला लागतील अशी. ती त्यांनी एकदा अकोल्याहून आणली होती, विमानतळाच्या काउंटरवरच्या माणसाशी तासभर हुज्जत घालून. ओट, भुसा, थोडी पेंड आधी खालीवर करून घ्यायच्या आणि मणी अगदी शेवटी, वरून पेरल्यासारखे टाकून, बोटांनी हलके हलके मिसळायच्या. चिवडा कालवताना पोहे मोडू नयेत म्हणून आपण करतो ना, तसं. असं दिवसाला चार वेळा. एक परात कुंडीत रिकामी केली की उजव्या हाताचं बोट तळावरून फिरवायच्या आणि खिडकीच्या उजेडात धरून बघायच्या. मी म्हटलं, "सासूबाई सुनेची भांडी तपासतात तसं चाललंय." त्या म्हणाल्या, "मले सासू मिळाली नाही, तर मीच माझी सासू झाले."

तिसऱ्या परातीनंतर त्या एका पोत्यावर टेकल्या. श्वास लागला होता. ओठांवर एक निळसर छटा होती असं मला आता वाटतं. तेव्हा ती खरंच दिसली होती की मी मागून रंगवतोय, कोण जाणे. "थंडी हाये बाप्पा," त्या म्हणाल्या. आणि मी... मी म्हटलं, "मशीन होतं की." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काहीतरी बोलायला म्हणून तोंड उघडलं होतं, हे मी शपथेवर सांगू शकतो. मग गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि म्हणाल्या, "चल, चहा घेऊ." चहा घेताना आम्ही मुलीच्या शाळेबद्दल बोललो. चार आठवड्यांनी त्या त्याच पोत्याशेजारी पडलेल्या सापडल्या, कोपरापर्यंत भुसा लागलेला, परात अर्धी कालवलेली.

अंत्यविधीबद्दल फार लिहीत नाही. तिथे आलेले हरणवाले टोप्या हातात धरून उभे होते एवढं आठवतं. मार्चच्या सुरुवातीला हेल्मुटचा निरोप आला, 'वही. मराठी. ये.' ताई शेडमधली वही मराठीत लिहायच्या. हिवाळा संपत आला होता, पाडसांच्या खाद्याचं माप आता कसं बदलायचं ते त्या वहीत होतं, आणि हेल्मुटना त्यातले फक्त आकडे कळत होते. "प्रयोग पुरा करायचा आहे," त्यांनी दारातच सांगितलं. "तिनं अर्धी परात टाकली, ती मी त्या दिवशीच पुरी केली. हरणं उपाशी होती." बायको अँब्युलन्समधून गेल्यावर हा माणूस शेडमध्ये परतला होता आणि त्यानं परात पुरी केली होती, हे त्यांनी मला हवा सांगावी तसं सांगितलं.

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मी वाचत गेलो आणि जर्मनमध्ये सांगत गेलो. हवा, वजनं, मापं. मधूनच 'आज अहोंनी दाढी केली, पाहुणे येणार का काय' असलं काहीतरी, की हेल्मुट खाली बघून हसत. मापाचं पान सापडलं, ते त्यांनी जर्मनमध्ये उतरवून घेतलं. तिथेच वही मिटायला हवी होती. पण मी सवयीनं मागची पानं चाळली, आणि आदल्या वर्षीच्या मार्चमधलं एक पान समोर आलं.

'मशीनचं तोंड झाडलं. खाली पांढरी भुकटी. बोटाला पिठासारखी लागते. दाणे स्क्रूत रगडले जातात. म्हणजे हिवाळाभर सगळं आवरण फुटूनच गेलं, आणि मणी खाल्ले ते जंतूंनी. हरणांना काहीच पोचलं नाही. माझं गणित चुकलेलं नाही!' आणि त्याखाली, दुसऱ्या शाईत, बहुतेक दुसऱ्या दिवशी : 'श्रीपादला आत्ता सांगायचं नाही. फार लावून घेईल. आणि साबुदाणा घे असं मीच म्हटलं होतं. पुढच्या हिवाळ्यात हातानं कालवीन, निकाल हातात आला की सांगेन. मग दोघं मिळून हसू.'

माझ्या धंद्यात गिऱ्हाइकाला विचारायचा पहिला प्रश्न असतो, माल ठिसूळ आहे का. आमच्या ऑफिसात त्याचा छापील कागद आहे. तो मीच केलेला आहे. पंधरा वर्षं मी तो प्रश्न अनोळखी माणसांना विचारत आलो आणि कुंदाताईंना विचारला नाही, कारण त्यांच्याकडे मी इंजिनिअर म्हणून जातच नव्हतो, घरचा म्हणून जात होतो. सुका साबुदाणा दगडासारखा कडक असतो. चरबीचा मणी नखानंही चेपतो. हे पाचवीतल्या पोराला कळेल. आणि त्या दाण्यांसाठी एकसष्ट वर्षांची बाई थंडीत रोज चार पराती कालवत होती, आणि मी तिला सांगत होतो, मशीन होतं की.

हेल्मुट विचारत होते, "काय लिहिलंय?" मी म्हटलं, "वजनं." त्यांनी मान हलवली. मी तासाभराचा रस्ता कसा कापला मला आठवत नाही. घरी आल्यावर मी मीनलवर खेकसलो, मग तिला सगळं सांगितलं, मग रडलो. राग स्वतःचा आला होता तितकाच ताईंचाही आला होता. एक फोन केला असता तर पंधरा दिवसांत मी स्क्रू काढून तिथे सावकाश फिरणारा ड्रम बसवला असता. मला लागेल म्हणून गप्प बसल्या... आणि आता मला जे लागलं आहे त्याचं काय, हे विचारायला त्या नाहीत. मीनलनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हेल्मुटना खोटं सांगून आलास. ते आधी निस्तर."

पुढच्या शनिवारी मी गेलो आणि शेडमध्येच, उभ्या उभ्या, त्यांना ते पान शब्द न् शब्द सांगितलं. मी काय ऐकायला तयार होतो ते आज नक्की सांगता येणार नाही. चालता हो म्हणाले असते तर मी गेलो असतो. ते ताडपत्रीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आल्झो... असं होय. म्हणून ते बोट." बायको परातीच्या तळावरून बोट का फिरवते, हे त्यांनाही माहीत नव्हतं. भुकटी शोधत होती ती, रोज, चार वेळा. "मलाही व्यायामच सांगितला होता तिनं," ते म्हणाले. "मी समोर बसून कॉफी प्यायचो. मला दोन हात आहेत, श्रीपाद." 

मी म्हटलं, चूक माझी आहे. ते म्हणाले, "हो. तुझीही आहे." असं सरळ म्हणाले, आणि त्यामुळेच मला तिथे उभं राहता आलं. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं की हृदय आधीच थकलेलं होतं, कोचावर बसल्या बसल्याही झालं असतं. ते त्यांनी मला सांगितलं. आमच्यापैकी कुणाचा त्यावर पुरता विश्वास बसला की नाही, ठाऊक नाही. मग त्यांनी ओटाचं पोतं परातीत उलटलं आणि म्हणाले, "तू त्या बाजूला उभा राहा."

तेव्हापासून एप्रिलच्या शेवटापर्यंत मी दर शनिवारी-रविवारी गेलो. दोघांनी समोरासमोर उभं राहून कालवलं तर परात निम्म्या वेळात होते. तो ड्रम करून देऊ का, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, पुढच्या वर्षी बघू, आता मध्येच काही बदलायचं नाही, अहोनं असंच लिहिलंय. पहिल्या दिवशी माझे हात भलतेच जड पडत होते. हेल्मुट म्हणाले, "लांगझाम, सावकाश. तिचे हात कसे फिरायचे, आठव." मी आठवलं. आठवायला त्यांना कालवताना बघितलेलं असावं लागतं, आणि सप्टेंबरनंतर मी त्यांना फक्त एकदाच बघितलं होतं.

शेवटचं वजन गेल्या रविवारी झालं. कुरणात गवत उगवलं होतं, हरणांना आमच्या खाद्याची फारशी गरज उरली नव्हती, तरी त्यांना काट्यावरून न्यायला म्हणून आम्ही शेवटची परात कालवली. पाच-सहा हरणवाले कुंपणापलीकडे येऊन उभे होते, या वेळी कुणी हवेबद्दल बोललं नाही. पाडसं एकेक करून वाटेत आली, कान टवकारत, ठिपके उन्हात चमकवत, काट्यावर क्षणभर थबकून पुढे गेली. हेल्मुट आकडा सांगत होते आणि मी ताईंच्या वहीत, ताईंच्या अक्षराखाली, मराठीत लिहीत होतो. दोन्ही बाजूंची वेगवेगळी बेरीज करून सरासरी काढली. पुन्हा काढली. या बाजूच्या आणि त्या बाजूच्या पाडसांत काही फरक नव्हता. तेवढंच तर त्यांना सिद्ध करायचं होतं. मी वही कुंपणावरून पलीकडे दिली. आदल्या वर्षी हेल्मुटना टोचून बोलणाऱ्या त्या शेतकऱ्यानं आकड्यांवरून बोट फिरवलं, टोपी काढली आणि विचारलं, हे दाणे मागवायचे कुठून.

ते सगळे गेल्यावर आम्ही शेडमध्ये आवराआवर केली. परात धुवायला न्यायच्या आधी मी तिच्या तळावरून उजव्या हाताचं बोट फिरवलं आणि खिडकीच्या उजेडात धरलं. भुशाचे दोन-चार कण होते, पांढरं काही नव्हतं. मी ते हेल्मुटना दाखवलं. त्यांनी खिशातून चष्मा काढून लावला, माझं बोट अगदी जवळून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. ते शेडच्या दारात गेले आणि घराकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, "अहो..."

मी बोट तसंच वर धरून उभा होतो.